मागचं दार बुजवणाऱ्या अक्का

धुळ्यातल्या देवपूरच्या दवाखान्यात रुजू झाल्यावर अक्कांनी सगळ्यात आधी गवंडी बोलावला. औषधांचं कपाट नंतर, टेबल-खुर्ची नंतर. आधी दवाखान्याचं मागचं दार विटांनी बुजवून घेतलं. ते दार पांझरा नदीकडच्या बोळात उघडायचं, आणि ते खास आमच्यासारख्या बायकांसाठी होतं. आमच्यासारख्या म्हणजे कोण? ज्यांना झोप येत नाही, ज्या उगाच रडतात, ज्यांना अफूची नाहीतर गोळ्यांची सवय लागली आहे, ज्यांच्याबद्दल घरचे हळू आवाजात बोलतात, त्या. पोट दुखलं तर बाई पुढच्या दारानं यायची. मन दुखलं तर मागच्या.

गवंड्यानंही विचारलं म्हणे, "बाई, मग त्या बायका येतील कुठून?" अक्का म्हणाल्या, "पाय शेतस ना त्यास्ले? पाय आहेत तर पुढल्या दारानं येतील."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. नवी माणसं विचारतात, कोण हो त्या? म्हणून हे लिहायचं. साक्रीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बुटकी, काळीसावळी, मनगटावर पुरुषी घड्याळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक पोचावी. मुंबईला डॉक्टरकी शिकल्या, तिथे मनाच्या आजारांच्या वॉर्डात काम केलं, आणि परत खानदेशात आल्या. साहेब लोकांशी शुद्ध मराठी बोलायच्या, आम्हा बायकांशी बोलताना मधूनच अहिराणीवर यायच्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तेव्हा वेळ नव्हता. आता इच्छा नाही. तुमचं कसं चाललंय?" पुढे विचारायची सोय नाही!

मंगळवार त्यांनी फक्त आमच्यासाठी ठेवला होता. गावानं त्याचं नाव ठेवलं 'येड्या बायकांचा मंगळवार'. अक्कांच्या कानावर ते गेलं तर त्या हसल्या. आतली बाकं उचलून त्यांनी पुढच्या ओट्यावर मांडली, अगदी रस्त्याला तोंड करून. आपापला नंबर येईपर्यंत तिथेच बसायचं. भाजीवाला बघतो, सायकलवाले मान वळवून बघतात, ओळखीच्या बायका बघून न बघितल्यासारखं करतात. पहिल्या दिवशी मी पदर नाकापर्यंत ओढून आत शिरले आणि म्हटलं, "अक्का, मला आत कोपऱ्यात बसू द्या ना. लाज वाटते."

"लाज वाटस? वाटू दे," अक्का म्हणाल्या. "लाजवर औषध नही मन्हाजोडे. मांगला दारथीन चोर येतस. तू काय चोरेल शे का?"

मी काहीही चोरलं नव्हतं. उलट माझंच गेलं होतं. माझ्या थोरल्या बाळूच्या पाठीवर मला मुलगी झाली ती आठवड्याच्या आत गेली, आणि तिच्याबरोबर माझी झोपही गेली. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. चार दिवस घ्या म्हणाले. चार दिवसांचं वर्ष झालं. एका गोळीनं भागेना, मग दोन, मग तीन. दुपारी भाजी करपायची आणि मला वास यायचा नाही. आमचे हे चाळीसगावला नोकरीला, शनिवारी यायचे, रविवारी जायचे. घरात सासरे. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आबा. शब्द कमी, धाक फार. बाळूला ते माझ्याजवळ झोपू द्यायचे नाहीत. "शुद्धीत नसते ती," असं माझ्यादेखत म्हणायचे.

अक्कांनी माझं सगळं ऐकून घेतलं. रडले तेव्हा रडू दिलं, डोळे पूस म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, "घरी अडकित्ता आहे?"

मला वाटलं, ह्या बाईंनाच कुणीतरी तपासायला हवं.

पण तीच त्यांची रीत होती. गोळी एकदम सोडायची नाही, दर मंगळवारी थोडी कमी करायची. लहान गोळ्या दवाखान्यात मिळत नसत, म्हणून मोठी गोळी कापायची, आणि कापायची तीही बाईनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या घरच्या अडकित्त्यानं. मी म्हटलं, चुरा होईल हो. "सुपारी कापतेस ना? ती तर दगड असते," म्हणाल्या. नवऱ्यानं गोळी हातावर ठेवायची नाही, सासूनं लपवायची नाही. एकदा एक नवरा म्हणाला, गोळ्या माझ्या ताब्यात द्या, मी बरोबर देईन. अक्का म्हणाल्या, "तिच्या तोंडात घासही तुम्हीच घालता का? मग हेही तिला करू द्या. तुम्ही फक्त आडवे येऊ नका."

ओट्यावर माझ्या एका बाजूला सातपुड्याच्या पायथ्याची एक म्हातारी बसायची, अफूवाली. दुसऱ्या बाजूला पेठेतल्या मोठ्या मारवाडी घरची सून, हनुवटीपर्यंत घुंगट. तिला डोकेदुखीच्या पुड्यांचं व्यसन, दिवसाला मूठभर. म्हातारी तिला कोपर मारून म्हणायची, "व माय, पडदा वर कर, गरमी व्हई राहिनी." सेठाणी घुंगटातून हसायची. चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणून ज्या घाबरत होतो, त्या आम्ही दोन महिन्यांत त्याच रस्त्यावर बसून लोणच्याच्या गोष्टी करू लागलो. माझ्या तीन गोळ्यांच्या दोन झाल्या होत्या. भाजीचा वास यायला लागला होता.

आणि मग आली आखाजी, आमची अक्षय्य तृतीया. खानदेशातली लेक आखाजीला माहेरी जाणार नाही तर कधी जाणार? बाळूला घेऊन मी नशिराबादला गेले. अंगणातल्या कडुलिंबाला झोका, घरात गौराई, सांजोऱ्यांचा घमघमाट. आईनं माझ्या पिशवीत गोळ्या बघितल्या. तिनं गौराईला मनातल्या मनात नवस केला, आणि गौराई बोळवायला बायका विहिरीवर गेल्या तेव्हा माझ्या गोळ्याही तिच्याबरोबर पाण्यात सोडून आली. येऊन माझा गालगुच्चा घेतला. "सुटलीस गं बाई! देवीपुढे सोडलं ते सुटलं. आता परत तोंडात घालायचं नाही."

आईच ती. तिच्या डोळ्यांत एवढा आनंद होता की मीही हो म्हटलं. मला खरंच वाटलं, सुटले असेन.

पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामानं लुगडं भिजलं. तिसऱ्या दिवशी झोक्यावरून उतरले आणि सगळ्या आळीसमोर अंगणात कोसळले. दातखीळ बसली, हातपाय झाडले. कुणी म्हणालं फेफरं, कुणी म्हणालं अंगात आलं. बाळू किंचाळत होता, तेवढं मला आठवतं.

तार गेली आणि आबा आले. मला, आईला आणि बाळूला घेऊन एस.टी.नं थेट धुळ्याला, आणि तिथून घरी नाही, दवाखान्यात. मंगळवार होता. ओट्यावर बायका बसल्या होत्या. आबा पायरीवरच उभे राहिले.

"डॉक्टरीणबाई, तुमचे प्रयोग पुरे झाले. मला एक सही हवी आहे."

"कसली?"

"हिला वेड लागलंय, अशी. वेड्यांच्या इस्पितळात पाठवायची पुढची व्यवस्था कचेरीत मी करतो. नातवाला आम्ही सांभाळू."

ते इस्पितळ म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याच आळीतली एक वहिनी तिकडे गेली होती, तिच्या नावाचं कुणी पुन्हा बोललं नाही. मी बाळूचा हात धरला होता, तो आबांनी सोडवून घेतला.

अक्का आबांना ओलांडून माझ्याजवळ आल्या. मला विचारलं, "गोळ्या कधी बंद झाल्या?"

मी सांगायच्या आधी आईच पुढे झाली. "मी सोडल्या. गौराईबरोबर. देवीपुढे सोडलं की सुटतं ना, बाई?"

मला वाटलं आता आईची खैर नाही. पण अक्कांनी आईला हाताला धरून बाकावर बसवलं. "माय, तू भलं करायला गेलीस. पण धावत्या एस.टी.तून लेकीला ढकललंस बघ. गाडी थांबवायची असली तर आधी हळू करावी लागते." मग आबांकडे वळल्या. "ऐकलंत? एवढ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर तुम्हालाही झटका येईल. मलाही येईल. हिला वेड लागलेलं नाही. मी सही देणार नाही."

"मग दुसरे डॉक्टर देतील."

"जरूर घ्या. मॅजिस्ट्रेटसमोर मी येईन. तुमच्याच जुन्या कचेरीत, तुमच्याच हाताखालच्या कारकुनांसमोर उभी राहून सांगेन की या गृहस्थांच्या घरात बाळंतीण बाई वर्षभर झोपली नाही आणि यांनी विचारलं नाही."

रस्त्यावर दोनचार माणसं थांबली होती. आणि अक्कांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू सांग सुमन. तुले कोठे जानं शे?"

सगळं आयुष्य मला कुठे जायचं ते दुसऱ्यानं ठरवलेलं. पण आवाज निघाला, आणि चांगला मोठा निघाला. "घरी जायचंय. बाळूला घेऊन. आणि दर मंगळवारी इथे यायचंय."

"झालं," अक्का म्हणाल्या आणि कागद ओढला. मला पुन्हा दोन गोळ्यांवर आणलं. खाली आणखी एक ओळ लिहिली आणि कागद आबांच्या हातात दिला. "हे औषध तुमच्या नावावर आहे. दर मंगळवारी तुम्ही हिच्याबरोबर यायचं. तिथे बसायचं."

"मी? रस्त्यावर? बायकांत?"

"का? कर नाही त्याला डर कशाला?"

आईनं गावी जाताना तिचा घोड्याच्या तोंडाचा पितळी अडकित्ता कमरेचा काढून मला दिला. आबा दर मंगळवारी यायचे. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कचेरीची लाज असेल, किंवा अंगणात काय झालं ते त्यांनी बाळूच्याच तोंडून ऐकलं होतं म्हणून असेल. ओट्याच्या टोकाला बसून वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे असं धरायचे की ओळखणाऱ्याला फक्त टोपी दिसावी. पुढे पुढे वर्तमानपत्र थोडं खाली यायला लागलं. एकदा अफूवाल्या म्हातारीनं त्यांच्याकडे चुना मागितला, त्यांनी दिला.

पण गावातल्या बड्या लोकांना तो ओटा सलत होताच. चांगल्या घरातल्या बायकांची बेअब्रू होते, असे अर्ज वर गेले. अक्कांची बदली झाली, लांब कुठेतरी सातपुड्यात, अक्राणीकडे. त्या निघाल्या त्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर गेले. एक ट्रंक, एक वळकटी, आणि त्या ट्रंकेवर बसून शेंगदाणे खात होत्या. मला रडूच आवरेना.

"अक्का, माझी अजून अर्धी गोळी राहिलीये. आता मी काय करू?"

"मन्ही बदली व्हयनी म्हणून अडकित्तानी धार गयी का?" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की कंडक्टरनं वळून बघितलं. "कंपाउंडरजवळ तुझं औषध लिहून ठेवलंय. चिठ्ठीप्रमाणे घे आणि काप. मला रडून दाखवू नकोस, मला गाडी पकडायची आहे." मग माझ्या हातात मूठभर शेंगदाणे कोंबले आणि गाडीत चढल्या. मागे वळून बघितलं नाही. त्यांचा स्वभाव नव्हता तो. मला मात्र फार राग आला, आणि फार माया आली.

त्याच आठवड्यात दवाखान्याचं मागचं दार परत फोडलं. बायकांच्या सोयीसाठी, असं सांगितलं गेलं.

मंगळवार आला. मी चुलीपाशी बसून होते. आबांनी नेहमीच्या वेळेला टोपी घातली. "चल."

"आबा, अक्का नाहीत आता. आणि आता मागच्या दारानं जायचंय."

"बाक आहे ना पुढे?"

होतं. म्हातारी बसलेली होती, सेठाणीही. तिनं घुंगट कपाळापर्यंत वर घेतला होता, तिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. कंपाउंडर बाहेर येऊन म्हणाला, मागून या. कुणी हललं नाही. शेवटी बिचाऱ्यानं औषधं तिथेच आणून दिली.

तेवढ्यात आबांचे कचेरीतले जुने साहेब सायकलवरून जाताना थांबले. "काय हो, इकडे कुठे? तब्येत बरी आहे ना?"

मी पदर ओढला. जुनी सवय. आबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"मला काय धाड भरलीये? सुनेबरोबर आलोय," ते म्हणाले. "झोपेच्या गोळ्या सोडतेय ती. अर्धीवर आलीये. या, बसा."

साहेब बसले नाहीत. मी पदर खांद्यावर घेतला, आईचा अडकित्ता काढला, आणि भर रस्त्यात गोळी कापली.