गौरीच्या दिवशी घेतलेली मापं

चूक कुठे झाली ते मला नेमकं माहीत आहे. गौरीच्या दिवशी दुपारी, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, मी टेप घेऊन पोरांची मापं घेत होते तेव्हा.

मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका कॉलेजात इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होते. शेवटच्या प्रकल्पासाठी कुणी कॅफे घेतला, कुणी दातांचा दवाखाना. मी म्हटलं, आपण आपली शाळा घ्यायची. पोलादपूरच्या वर, खोऱ्याच्या पार टोकाला आमचं गाव आणि गावाच्याही टोकाला शाळा. एक खोली, एक व्हरांडा आणि खिचडी शिजवायला पत्र्याची शेड. त्याच खोलीत मी पहिली ते चौथी शिकले. कॉलेजातले सर म्हणाले, "विषय चांगला आहे, पण अंदाजपंचे काही चालणार नाही. मूल मांडी घालून बसलं की कोपर किती उंचीवर येतं, डोळे किती उंचीवर येतात, प्रत्येकाचं माप हवं." म्हटलं, त्यात काय एवढं! गणपतीला घरी जातेच आहे, घेऊन येते.

तिथेच कुणीतरी माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती. गणपतीत आमच्या गावात किती पोरं असतात आणि एरवी किती, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. वीर स्टेशनापासून रिक्षा मिळेना इतकी माणसं उतरतात त्या दिवसांत. अकरा महिने कुलपात पडलेली घरं उघडतात, गल्लीत क्रिकेट सुरू होतं. मी त्याच गावची. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू?

शाळेत एकच बाई होत्या. मलाही त्यांनीच शिकवलेलं. बाई महाडच्या, तिथल्या मोहल्ल्यात त्यांचं घर. रोज एसटीने पोलादपूरपर्यंत आणि पुढे स्कूटीने वर यायच्या. पावसात रेनकोट घालून आल्या की आम्ही त्यांना ओळखायचोच नाही. गौरीला त्या दरवर्षी आमच्याकडे जेवायला येत आणि येताना भावाने दुबईहून पाठवलेल्या खजुराचा डबा आईसाठी आणत. त्या वर्षी जेवताना मी त्यांना प्रकल्पाचं सांगितलं. बाईंचा घास हातातच राहिला.

"आपली शाळा? खरंच?" त्या म्हणाल्या. मग आईकडे वळून म्हणाल्या, "पट सहावर आलाय हो. निवृत्तीला माझी तीन वर्षं राहिलीत. मी जायच्या आत शाळेला कुलूप लागू नये, एवढंच मागणं आहे माझं. दुसरं काही नको."

जेवण झाल्यावर शाळा त्यांनीच उघडली. सुट्टी होती, तरी गावात निरोप गेला आणि पोरं धावत आली, नव्या कपड्यांत, कपाळाला गंध लावून. तेवीस! मी बाईंकडे पाहिलं. सहा आपली, सतरा मुंबईची, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. बाईंनी नजर वळवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ओळीत उभे राहा रे. ताई मापं घेणार आहे. मोज गं सगळ्यांची. मोजायला काय जातंय."

मी मोजली. परीक्षकांपुढे सहा मुलांची शाळा घेऊन जायची मला लाज वाटत होती, हे एक. आणि दुसरं म्हणजे, ती खोली तेवीस पोरांनी भरलेली पाहून मला इतकं बरं वाटलं, की हिशेब करायचं मनातच आलं नाही.

माझी कल्पना साधी होती. फळा खाली आणायचा, पोरांच्या डोळ्यांसमोर. खिडकीचा कट्टा रुंद करून त्यावर बसता येईल असं करायचं. आणि सतरंजी काढून प्रत्येकाला त्याच्या मापाचं लाकडी बैठं डेस्क द्यायचं. डेस्कच्या कोपऱ्यात ज्याचं त्याने निवडलेलं चित्र. मुंबईच्या एकाने लिफ्ट निवडली. कुणी एसटी, कुणी करवंदं. पहिलीतली एक मुलगी मात्र कितीतरी वेळ विचार करत बसली होती. आमच्या खालच्या आळीतली, बाप महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. आठवड्याच्या सुट्टीला मोटरसायकलने यायचा आणि तिला घेऊन ओढ्यावर खेकडे पकडायला जायचा.

"माझ्यावर खेकडा काढ," ती शेवटी म्हणाली. "पण नांगी मोठी हाय तसला. लहान नाय."

प्रकल्पाला वाहवा मिळाली. मी छापलेले मोठे कागद बाईंना नेऊन दिले, त्यांनी ते वर्गात लावले. मे महिन्यात गावच्या पूजेला मुंबईकर मंडळ आलं. मंडळाची माणसं कागदांपुढे उभी राहिली आणि कागदावरची तेवीस चित्रं पाहून हरखून गेली. आपापल्या पोरांची चित्रं होती ना त्यात! "अरे, ही लिफ्ट आमच्याच कार्ट्याची!" असं म्हणत एकाने फोटो काढला. कुणी विचारलं नाही की ही पोरं शिकतात कुठे. मीही सांगितलं नाही. मंडळाने मनावर घेतलं आणि जूनच्या आत सगळं झालंसुद्धा. फळा उतरला, कट्टा झाला, डेस्कं आली. बिरवाडीच्या सुताराने इतकं सुबक काम केलं होतं, की मी एकेका डेस्कवरून हात फिरवत बसले. माझ्या हातून जगात उभी राहिलेली ती पहिली वस्तू होती.

जूनमध्ये शाळा उघडली. दोघं चौथी पास होऊन गेले होते, नवीन कुणी आलं नव्हतं. तेवीस डेस्कं आणि चार मुलं.

चार मुलं सतरंजीवर बाईंभोवती कोंडाळं करून बसत, तेव्हा वर्ग भरलेला वाटायचा. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही आणि माझं मला सुचलं नाही. आता तीच चार मुलं आपापल्या चित्राच्या डेस्कशी बसली, एक पुढे, एक खिडकीशी, दोघं भावंडं मागे, आणि मध्ये सगळी रिकामी डेस्कं. जुलैत मी गेले तेव्हा दारातच रिकामी डेस्कं मोजू लागले. बाई रोज सकाळी सगळी डेस्कं पुसत. वर त्यांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, मराठीला एका डेस्कशी बसायचं, गणिताला दुसऱ्या. "वापरात राहिलेली बरी," त्या म्हणाल्या. मी छान, छान म्हटलं आणि बाहेर येऊन शेडमागे रडले.

एक दिवस मात्र तो वर्ग भरला. त्या वर्षीच्या गौरीला. मुंबईची पोरं आल्या आल्या शाळेत धावली, आपापलं चित्र शोधलं, आणि तासाभरासाठी तेवीसच्या तेवीस डेस्कांशी पोरं होती. बाईंनी चक्क पाढे घेतले! सुट्टीच्या दिवशी! आणि मुंबईची पोरंही ओरडून म्हणत होती. बाई फळ्याशी उभ्या होत्या, डोक्यावरची ओढणी घसरली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाहत होते. चार दिवसांनी गाड्या परत गेल्या.

दिवाळीनंतर शिक्षण खात्याचे साहेब आले. पूर्वीही ते येत, सतरंजीवरची पोरं पाहत, त्यांच्याकडून कविता म्हणून घेत, "बरं चाललंय" असं लिहीत आणि जात. वाट अवघड, पावसात ओढा चढतो, म्हणून शाळा बंद करायचं वर्ष वर्ष ढकललं जात होतं. या खेपेला साहेब दारातच थांबले. बाईंनी मला नंतर फोनवर सांगितलं, शब्दही न चुकवता. साहेब म्हणाले, "बाई, चार पोरांना एवढं फर्निचर? खाली रस्त्यावरच्या शाळेत साठ मुलं नुसत्या फरशीवर बसतात." आणि त्यांनी फोटो काढला. माणूस वाईट नव्हता, खालची साठ मुलंही खरीच होती. म्हणून तर मला त्याच्यावर नीट रागावताही आलं नाही. सगळा राग माझ्यावरच उलटला.

पुढच्या जूनला शाळा उघडलीच नाही. खालच्या शाळेत समायोजन, असा शब्द कागदावर होता. बाईंची बदली महाडजवळ झाली. दोघं भावंडं खालच्या शाळेत चालत जाऊ लागली, पाऊस असला की घरी बसू लागली. एकाला मावशीने मुंबईला नेलं. आणि खेकडावाल्या मुलीच्या बापाने कामाजवळ बिरवाडीत खोली भाड्याने घेतली आणि बायकोपोरीला तिकडे नेलं. तोही काय करणार? बाईमाणूस पोरीला घेऊन रोज ओढा ओलांडणार का?

डेस्कं खाली न्यायला टेम्पो येणार म्हटल्यावर मात्र गावाला जाग आली. "मंडळाने केलेली डेस्कं, ती का म्हणून द्यायची?" एका दुपारीत ज्याने त्याने उचलून घरी नेली. शाळेसाठी एवढी लगबग कुणी केली नव्हती हो! ऐकून माझं डोकं सणकलं.

त्या वर्षी गणपतीला मी घरी पोचले तेव्हा आरास झाली होती. मखर, दिव्यांच्या माळा, वर फळं-पानं बांधून टांगलेली माटवी. आणि गणपती बसवला होता माझ्या डेस्कवर. चादर घातली होती, पण ते पाय मी ओळखणार नाही होय?

"बाबा, हे काय?" मी बाबांवर खेकसले.

"उंची बरोबर बसते गो," बाबा म्हणाले. "चौरंगापेक्षा भक्कम हाय. सगळ्यांनी तसंच केलंय."

खरंच केलं होतं. आरतीला घरोघर फिरले. ज्या घरात जावं तिथे गणपती डेस्कवर. कुठे चादरीखालून एसटी दिसत होती, कुठे करवंदं. लोक आरती म्हणत होते आणि मी टाळ्या वाजवत मनातल्या मनात मोजत होते. देवापुढे उभी राहून मला हुंदका आला. बाजूची काकू म्हणाली, किती भाव आहे पोरीच्या मनात.

गौरीला बाई आल्या. आता इथली नोकरी नव्हती, तरी आल्या, खजुराचा डबा घेऊन. जेवण झाल्यावर ओटीवर आम्ही दोघीच होतो. वर्षभर जे मनात साठलं होतं ते मी एकदाचं बोलले. "बाई, माझ्यामुळे झालं. मी मापं चुकीची घेतली. सतरंजी असती तर अजून वर्षभर तरी चाललं असतं."

बाईंनी सुपारीचा तुकडा गालात सरकवला. "तू एकटीने कुठे घेतलीस?" त्या म्हणाल्या. "ओळीत कुणी उभी केली पोरं? मला वाटलं, डेस्कं आली की पोरंही येतील. इतकी वर्षं शाळा चालवली आणि एवढी अक्कल नाही मला." त्या हसायला गेल्या, पण हसू काही आलं नाही. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी रडलो, काही आडपडदा न ठेवता.

तेवढ्यात अंगणात पोरांचा घोळका आला, गौरी बघत घरोघर फिरणारा. मुंबईचीच सगळी. त्यांच्यात ती खेकडावालीही होती. नवा फ्रॉक, केसांत गजरा, पायांत चमचमणारी सँडल. बिरवाडीहून चार दिवसांसाठी आली होती. आत गेली, गौरी-गणपतीपुढे डोकं टेकलं, आणि टेकलेल्या डोक्यानेच तिने चादरीखाली पाहिलं.

"ताई, हे माझं हाय," ती म्हणाली. "नांगी बघ."

मी आल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मी चादर उचलून पाहिलं नव्हतं. "हो गं, तुझंच," मी म्हटलं. "विसर्जन झालं की देते. घेऊन जा."

तिने मान हलवली. "आमच्या खोलीत नाय मावणार. आई रागवंल. राहू दे गणपतीला." मग ओटीवर येऊन बाईंच्या मांडीला टेकली. बाईंनी कितवीत आहेस विचारलं. तिसरीत, म्हणाली. तिकडे वर्गात खूप पोरं आहेत, तिथल्या बाईंना तिचं नाव अजून माहीत नाही, असंही म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, नुसतंच. बाहेरून तिला हाका आल्या. ती उठली, आणि उंबऱ्याशी थांबून मागे वळली.

"ताई, या वर्षी मापं नाय घेणार? आम्ही सगळी आलोय."

आम्ही. मुंबईच्या पोरांकडे हात करून ती म्हणाली.

मी बाईंकडे पाहिलं नाही. पाहवलंच नसतं. बॅगेतून टेप काढली. ती लगेच भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसली, ताठ, बाईंनी शिकवलं होतं तशी. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. कोपर पहिल्यापेक्षा दोन बोटं वर गेलं होतं.

"किती?" तिने विचारलं.

मी आकडा सांगितला. तिने तो दोनदा स्वतःशी म्हटला, विसरू नये म्हणून, आणि सँडल वाजवत बाकीच्यांच्या मागे पळाली.