विमानं उतरवणारे भाऊजी

माझे भाऊजी सुगत खोब्रागडे हुशार होते, यावर आमच्या खानदानात दुमत नाही. मतभेद आहेत ते पुढचे. सरकारी हवामान खात्यात त्यांनी उभा जन्म काढला. सकाळी बाल्कनीत उभं राहून नाक वर करायचे आणि सांगायचे, "धुकं साडेनऊला उठणार." ते साडेनऊलाच उठायचं. दिल्लीत द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीत मोबाइलवरचं हवामान कुणी बघतच नसे. पापड वाळत घालायचे तेसुद्धा खोब्रागडेजींना विचारून.

रिटायर झाले आणि डोक्यात भलतंच शिरलं. त्यांच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की बोलणारा माणूस मधेच थांबतो. भाऊजींना वाटायला लागलं, धुक्यातून ही सगळी आपणच उतरवतो. माकडटोपी घालून, हिरव्या काचेचा टॉर्च हलवत बाल्कनीत उभे. तो टॉर्च मीच करोल बागेतून आणून दिला होता, लाइट गेल्यावर उपयोगी पडेल म्हणून. मी करायला गेले एक आणि झालं भलतंच. विमान गेलं की आत येऊन ते म्हणायचे, "सिंगापूरचं होतं. पोचली मंडळी सुखरूप."

माझी मोठी बहीण प्रभाताई म्हणजे त्यांची बायको. शाळेत विज्ञान शिकवायची. आमचं नागपूरचं बौद्ध घराणं, दाराला लिंबू-मिरची नाही, मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजरालाच वाट देतो. अशा घरात नवरा टॉर्चने विमानं उतरवतो म्हटल्यावर ताईचा जळफळाट व्हायचा.

"अहो, तिथे कंट्रोल टॉवर आहे, कॉम्प्युटर आहेत!"

"आहेत ना," भाऊजी शांतपणे म्हणायचे. "बिचारे आपापल्या परीने करतात."

जानेवारीतल्या एका दुपारी चहा पिता पिता भाऊजी गेले. "साखर कमी आहे," म्हणाले. ताई स्वयंपाकघरातून साखर घेऊन आली तेव्हा मान कललेली होती. ना आजार, ना काही. मला त्यांचा राग आला तो अजून गेलेला नाही. माणसाने असं अर्ध्या कपावरून उठून जाऊ नये.

एकुलती एक मुलगी ऋचा टोरंटोला. बापाची फार लाडकी. तिला शेवटचं तोंड दिसावं म्हणून भाऊजींना हॉलमध्ये बर्फाच्या पेटीत ठेवलं. पण ज्या दिवशी ती पोचणार, त्या दिवशी संध्याकाळच्या आत अंत्यसंस्कार करावेच लागणार होते, आणखी थांबणं शक्य नव्हतं. आणि नेमकं त्याच सकाळी असं धुकं पडलं की समोरची बिल्डिंग दिसेना. ऋचाचं विमान दिल्लीवर घिरट्या घालतंय, एवढंच मोबाइलवर दिसत होतं.

भाऊजी गेल्यापासून ताईच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. ती उठली, नवऱ्याची माकडटोपी डोक्यावर चढवली, टॉर्च घेतला आणि बाल्कनीत गेली.

"ताई, तू? विज्ञानाची टीचर?"

"गप्प बस. माझी पोर वर अडकलीय."

शेजारच्या बाल्कनीतून चावला आंटींचा आवाज आला, "प्रभाजी, ऐसे नहीं! भाईसाब तो गोल-गोल घुमाते थे." ताई गोल फिरवायला लागली. तेवढ्यात विधीसाठी आलेले भंतेजी आमच्या मागे येऊन उभे राहिले. अंधश्रद्धेवरचं त्यांचं तासाभराचं प्रवचन मी ऐकलेलं होतं, म्हणून मान खाली घालून वाट बघत राहिले. भंतेजींनी बराच वेळ पाहिलं.

"हात जरा वर धरा, ताई," ते म्हणाले. "रेलिंग आड येतंय."

एक विमान गडगडत उतरलं. मग दुसरं. ताईच्या चेहऱ्यावर रंग आला. तिसरंही उतरलं, पण त्यांतलं एकही ऋचाचं नव्हतं. तिचं जयपूरला वळवल्याचं मोबाइलवर आलं.

ताई आत आली आणि थेट पेटीसमोर उभी राहिली. "आजच झोपायचं होतं तुम्हाला?" ती नवऱ्यावर ओरडली. "आजच?"

ऋचा जयपूरहून टॅक्सी करून आली तेव्हा उन्हं कलली होती. शववाहिनीचा ड्रायव्हर दोनदा वर येऊन कुरकुरून गेला होता. भंतेजींनीच त्याला दटावून बसवलं. ऋचा पेटीजवळ बसली. बापाच्या कपाळावर हात ठेवला.

"आई, वर आम्ही गोल फिरत होतो ना, तेव्हा मी अगदी निवांत होते गं," ती म्हणाली. "शेजारची बाई घाबरली होती. तिला म्हटलंसुद्धा, डोंट वरी, माझे बाबा खाली आहेत. मग पायलट जयपूर म्हणाला. तेव्हा कळलं, बाबा खरंच गेले."

ताईच्या डोक्यावर माकडटोपी तशीच होती.

"मी दाखवत होते गं टॉर्च," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. "हात भरून आला माझा. पण माझं कोण ऐकतंय?"