माइकवाल्या जनूची अन्ननलिका

मी जनूला पाहण्याआधी खरवई, हेंद्रेपाडा आणि वारा अनुकूल असेल तर निम्मं अंबरनाथ, एवढ्या मुलखाने माझी फजिती ऐकली होती.

रविवारची सकाळ होती. वांगी घेऊन मी खरवईच्या मैदानातून शॉर्टकट मारत होतो. टेनिस बॉल क्रिकेटचे सामने चालले होते आणि एक बॉल माझ्याकडे घरंगळत आला. तेवढ्यात आभाळातून आवाज झाला, "मित्रांनो, सीमारेषेवर एक अनोळखी गृहस्थ. हातात पिशवी, डोक्यावर केस मोजके, पण जिगर बघा. वाकताहेत... वाकायला जरा वेळ लागतोय... आणि बॉल दोन पायांच्या मधून, चौकार. गृहस्थ अजून वाकलेलेच आहेत."

त्या आवाजाने उल्हास नदीतल्या म्हशी पाण्याबाहेर आल्या, पिशवीतली वांगी नरम पडली आणि समोरच्या नव्या टॉवरचे फ्लॅट वर्षभर विकले गेले नाहीत. मंडपात जाऊन पाहिलं तर नव्वद किलोचा एक माणूस माइक धरून बसलेला. आठवडाभर आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला आणि रविवारी कॉमेंटेटर. माइकची त्याला गरज नव्हती, मान म्हणून धरायचा. मला पाहताच म्हणाला, "या मास्तर. फिल्डिंग सुधरा, चा घ्या." तिथून आमची दोस्ती झाली.

तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात जनूचा घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग मऊ भातसुद्धा. दुसरा कोणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. पण जनू पडला कलावंत. घसा दुखला की तो बोलूनच दुखणार, अशी त्याची पक्की समजूत. त्याने ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध प्यायला, गवयासारखा गळ्याला मफलर गुंडाळला आणि दोन ओव्हरच्या मधली तंबाखू मात्र चालूच ठेवली. चार महिने या माणसाने अन्ननलिकेच्या दुखण्यावर आवाजाचं औषध घेतलं. वजन उतरलं तर कारखान्यात लोक विचारायचे, "जनूशेठ, जिम लावली काय?" आणि हा खुशाल हो म्हणायचा.

पकडला गेला तो एका हळदीत. पुढ्यात मटणाचं ताट होतं आणि जनूने ते तसंच ठेवलं. आगरी हळदीत माणूस मटण ठेवून उठतो, ही काही साधी गोष्ट नव्हे. त्याची बायको विनिता पलीकडच्या पंगतीतून उठून आली, ताटाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "उद्या डाक्टर. कॉमेंट्री नको."

उल्हासनगरला दुर्बिणीने तपासलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झालं. तो शेजारच्या लसिकाग्रंथींच्या गाठींमध्ये पसरला होता, पण लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ होती. "फार लांब गेला असता तर ऑपरेशन केलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा अजून हाताशी आहे. आधी केमो आणि रेडिएशन, मग ऑपरेशन."

गावात सल्लागारांची कमी नव्हती. जनूची चुलती विठा घरी येऊन बसली. "चाकू लागला की कॅन्सर पसरतो, पोरी."

"काकी, त्यो चाकू न लागताच पसरलाय," विनिता म्हणाली. "आता चाकूला काय भ्यायचा?"

पाच आठवडे जनूने केमो आणि रेडिएशन सोसलं. गाठी आकसल्या. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना कागदावर चित्र काढून ऑपरेशन समजावलं. अन्ननलिका काढायची, जठर वर ओढून त्याचीच नळी करायची. पण एक गाठ आवाजाच्या नसेला अगदी खेटून होती. ती काढताना नस दुखावू शकते. आवाज बसेल, कदाचित कायमचा.

जनू त्या चित्राकडे पाहत राहिला. "मॅडम, तेवढी एक ठेवली तर? बाकी सगल्या काढा. माझी तक्रार नाय."

"एक ठेवायची असेल तर बाकीच्या कशाला काढायच्या?"

"पण माझी कॉमेंट्री..."

"डाक्टर, काढा ती," विनिता म्हणाली. "ईस वरसां ऐकलाय मी त्याचा आवाज. मना पुरला."

"अगं, लोकं काय बोलतील?"

"लोकं बोलतील, जनू हाय. नाय काढली तर बोलतील, होता."

जनूने ते चित्र उलटं करून ठेवलं. मग म्हणाला, "मास्तर, पेन द्या," आणि सही केली.

ऑपरेशन आठ तास चाललं. बाहेर विनिता एक शब्द बोलली नाही आणि मी इतका बोललो की वॉचमनने जागा बदलली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "सगळं निघालं. ती गाठसुद्धा." विनिता भिंतीला टेकली आणि पहिलं वाक्य बोलली, "मना भूक लागलीय." खाली कॅन्टीनमध्ये तिने तीन वडापाव खाल्ले. मी चार.

आठव्या दिवशी जनूला चमचाभर पाणी पाजलं. आम्ही दोघं त्याच्या गळ्याकडे टक लावून होतो. त्याने गिळलं, डोळे मिटले, उघडले. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून हवा निघावी तसा आवाज आला, "गेलं."

"हलू बोल," विनिता म्हणाली.

"याच्याहून हलू येत नाय."

ती हसायला लागली आणि मग रडायला. मी खिडकीबाहेर पाहायला गेलो, तर तिथे नुसती भिंत होती. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. काढलेल्या सव्वीस गाठींपैकी दोन गाठींत कॅन्सर होता, त्यातली एक नसेजवळची. कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. ती गाठ ठेवली असती तर काय झालं असतं, ते कोणी बोललं नाही. विनिताही नाही, आणि तिच्यासाठी हे फार होतं.

घरी आल्यावर जनू दिवसातून सहा वेळा वाटीभर जेवायला लागला, उशा रचून अर्धवट बसून झोपायला लागला आणि तंबाखूच्या नावाने बोटं मोडायला लागला. आवाज सहा महिन्यांत परत येईल, कदाचित, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आज दोन वर्षं झाली. सगळी स्कॅन स्वच्छ आली. आवाज परत आला नाही. कॉमेंट्री आता गावातला हितेश नावाचा पोरगा करतो, आणि जनू शेजारी बसून स्कोअर लिहितो.