पेढा आल्याशिवाय फाइल काढायची नाही

दर रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला की आमचे हे त्या कॉम्प्युटरचं पोट उघडून बसतात. बाजूचा पत्रा काढायचा, रंगाच्या जुन्या ब्रशानं पंख्याची पाती झाडायची, कोपऱ्यातली धूळ सायकलच्या पंपानं उडवायची. ती धूळ जाते कुठं? माझ्या धुतलेल्या भांड्यांवर. मी म्हणते, "अवो, वट्ट्यावर नेऊन झाडा की!" तर म्हणतात, "हलवलं की आतली तार ढिली होतीय." मग झाडू घेऊन मागून मीच. त्या मशीनपायी मी पार बेजार झालेय बघा.

ह्यांचं नाव मलप्पा. आता या वयात नाव घ्यायला कसली लाज! साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते, रिटायर झाले. मी चांगुणाबाई. आम्हाला एकच पोरगं, सिद्धेश्वर. तो लातूरला डिप्लोमाला गेला तेव्हा हे कॉम्प्युटर त्याच्यासाठी घेतलं. ह्यांची ड्यूटी, शेत बघायला कोणी नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी त्यानं कॉलेज सोडलं. किल्लारीच्या जीपमध्ये मशीन वाकळीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आला. तेव्हापासून पोरगं शेतात आणि मशीन घरात.

पुढं ह्यांनी माझ्या भाच्याचा लग्नाचा बायोडाटा त्यावर टाइप करून दिला आणि त्याचं जुळलं. झालं! मलप्पाकाकांचा हात चांगला हाय, असं गावभर झालं. निलंग्यापासून उमरग्यापर्यंतचे पावणे फोन करायला लागले. पोराची माहिती, फोटो, पत्रिका सगळं ह्यांच्याकडं. ज्यांना स्थळ पाहिजे त्यांना हे पाठवणार. एक पैसा घेत नाहीत कुणाचा. त्यांचा नियम एकच. लग्न ठरलं की पेढा आणून द्यायचा, पेढा खाल्ला की त्या मुलाची नाहीतर मुलीची फाइल मशीनमधून काढायची. पेढा आल्याशिवाय फाइल काढायची नाही.

पहिल्यांदा बरं चाललं. पेढे येत होते, फाइली जात होत्या, मशीन पळत होतं. मग हळूहळू काय व्हायला लागलं, मुलींच्या फाइली येतात तशा जातात आणि पोरांच्या जागच्या हलत नाहीत. "शेती बघतो" एवढं वाचलं की मुलीकडचे पुढं वाचतच नाहीत. बागायती असू दे, दोन बोअर असू देत, घरात सगळं असू दे. पोरगा नोकरीला हाय का? न्हाई? मग राहू द्या. अशी पोरं त्या डब्यात साचत गेली आणि मशीन म्हातारं होत गेलं.

आता बटण दाबून मी भाकरी थापायला बसले तर टोपलं भरतं, पण पडद्यावर गोल फिरायचं थांबत नाही. हे मात्र त्याची सेवा सोडत नाहीत. धूळ झाली की आतला कचरा. नेटवरून आलेलं सटरफटर काढायचं, चालू होताना आपोआप उठणारे प्रोग्राम बंद करायचे, टोपलीतलं रिकामं करायचं. त्या टोपलीला ते रिसायकल बिन म्हणतात. एकदा मी हौसेनं मशीनला दोऱ्याचं कव्हर विणलं. ह्यांनी ते न काढताच चालू केलं आणि आतला पंखा असा किंचाळायला लागला की मला वाटलं आता पेटतंय. वर बोलणी मला! "तुला कुणी सांगितलं होतं गं?" म्हणे.

शेवटी लातूरला दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "काका, धूळ झाडून किती झाडणार? डिस्क गच्च भरली. जुनं काढा, न्हाईतर नवीन डिस्क टाका."

"नवीन टाकल्यावर जुनं सगळं राहतंय का?"

"बहुतेक राहतंय."

त्या 'बहुतेक'ला भिऊन हे मशीन तसंच परत घेऊन आले. वाटेत मी म्हणलं, "ज्यांची वयं निघून गेली त्यांची तरी काढा." तर माझ्यावरच डाफरले, "कुणाचं वय गेलं हे ठरवणारा मी कोण?"

सगळ्यात जड फाइल आमच्याच पोराची होती. सिद्धूचे दरसालचे फोटो. पहिल्या फोटोत केस भरघोस, नंतरच्या फोटोत कपाळ वर सरकत गेलेलं. त्यात ह्यांनी काढलेले व्हिडिओ! बोअर चालू करून पाण्याची धार, ऊस, गोठा, म्हशी, घराची फरशी. मुलीकडच्यांना दिसावं म्हणून. गुपचूप काढायचे, सिद्धूला कळलं की तो तोंड फिरवायचा.

मागच्या दिवाळीनंतर निलंग्याच्या गुरुपादप्पांचा फोन आला. मुलगी बारावी झालेली, आणि म्हणतात कसे, शेती करणारा असला तरी चालंल. मी चुलीपुढून उठून आले. हातवारे करून ह्यांना सांगत होते, आपलं सांगा, आपलं सांगा! ह्यांनी फोन ठेवला आणि मशीन चालू करून आधी दुसऱ्या तीन पोरांच्या फाइली पाठवल्या.

"आपलं कवा?"

"पाठवतो की. आपलंच पहिलं पाठवलं तर लोक म्हणतील, मलप्पानं पोरासाठी दुकान मांडलं."

तिघांचं गेलं. आपलं पाठवायला घेतलं तर ते जड फोल्डर उघडता उघडता मशीन अडकलं. दुसऱ्या दिवशी गेलं, तोवर त्यांनी त्या तिघांतला उमरग्याचा पोरगा बघायचं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात त्याचा बाप पेढे घेऊन दारात. आणि आमच्या ह्यांनी पेढा खाल्ला! चवीनं खाल्ला, पाणी प्याले, आणि त्या पोराची फाइल काढली. मी त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाही. बोलले असते तर काय बोलले असते देव जाणे. एवढा भला माणूस कशाला व्हावं माणसानं, की घरचं पोर उघडं पडावं?

पौषात ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुळीजवळ जायचं नाही म्हणून सांगितलं. तरी रविवार आला आणि हे हिरवा चष्मा लावून मशीनकडं तोंड करून चुळबुळ करायला लागले. नवीन साल लागलं होतं आणि नव्या सालाच्या पहिल्या रविवारी त्यांचं एक काम ठरलेलं असतं. प्रत्येक फाइलमधलं वय एकानं वाढवायचं. खोटं वय ह्यांना चालत नाही.

"सरा बाबा, मी करतो," सिद्धू म्हणाला. शेतातून नुकताच आला होता. पाय धुऊन खुर्चीवर बसला.

त्यानं पत्रा काढला, धूळ झाडली, पुसून परत बसवला. मग एकेक फाइल उघडून नाव वाचायचा, हे मान हलवायचे, तो वय बदलायचा. किती नावं ती! चौतीस, छत्तीस, एकाचं तर चाळीस झालं. मी दारात शेंगा फोडत बसले होते. शेवटी सिद्धूचा आवाज थांबला. मी वर बघितलं. पडद्यावर त्याचाच फोटो होता.

"थांबलास का?" ह्यांनी विचारलं. हिरव्या चष्म्यातून ह्यांना काही दिसत नव्हतं.

"बाबा, ही काढतो मी."

"कोणाची?"

"माझी."

हे म्हणाले, "पेढा आला न्हाई अजून."

"न्हाई येणार बाबा. तुम्ही दरसाली बसून माझं वय वाढवता न, मला ते बघवत न्हाई. त्या दिवशी मी शेतातून मुद्दाम उशिरा येतो. हे व्हिडिओ, हे फोटो... मी काय बाजारातलं जनावर हाय का? मला शेत करायला आवडतंय. एवढं एक राहू द्या माझं." त्याचा आवाज चढला नाही. थकलेला होता नुसता.

त्यानं फोल्डर काढलं. पण मशीन तसंच जड. "टोपलीतून काढल्याशिवाय जागा सुटत न्हाई," तो उठत म्हणाला, आणि माऊस ह्यांच्या हाताखाली सरकवला. "तुम्ही करा. तुमचं मशीन हाय."

ह्यांचा हात माऊसवर तसाच राहिला. दाबेनात, काढेनात. चष्म्याखालून पाणी यायला लागलं. मी म्हणलं, अवो, डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून सांगितलंय! दुसरं काही सुचलंच नाही मला. हे तरी हलेनात, आणि सिद्धू खाली मान घालून उभा. आजवर मीच सगळ्यात जास्त भांडले, पोराचं पाठवा, पोराचं पाठवा म्हणून. मी उठले, शेंगांचे हात पदराला पुसले.

"कुठं दाबायचं?"

सिद्धूनं बोटानं दाखवलं. मी ह्यांचा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दाबलं. मशीन जरा घरघरलं आणि गप्प झालं.

"आई, वाढ," सिद्धू म्हणाला. "लई भूक लागली."

तो जेवायला बसला. वरण घेतलं, ठेचा घेतला, भाकरीवर भाकरी मागून घेतली, शेतातल्या हरभऱ्याचं काहीबाही सांगत राहिला. माझ्या पोराला एवढी भूक लागलेली मी कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. मला त्या भुकेचा लई राग आला. मी वाढत गेले.