रत्नप्रभाताईंचा वास

रत्नप्रभाताई वाडीवर पोचायच्या आधी त्यांचा वास पोचायचा. पुढारी आणि साहेब लोकांच्या गाडीचा धुरळा तरी आधी दिसतो. ताई बिचाऱ्या एसटीनं यायच्या, म्हणून त्यांची वर्दी वासच द्यायचा. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट ठाऊक नसलेलं त्या डोंगरात एकच माणूस होतं, ते म्हणजे खुद्द ताई.

ताई शहापूरच्या, बौद्धवाड्यातल्या. वडील आसनगावला रेल्वेत गँगमन. मुलगी बारावी झाली आणि नवपालवी सेवा मंडळ नावाच्या संस्थेत लागली. मुंबईच्या देणग्यांवर ही संस्था टोकावड्याच्या अंगाला डोंगरातल्या वाड्यांवर बालवाड्या चालवायची. ताई पर्यवेक्षिका. महिन्यातून एकदा अचानक जायचं, पोरं मोजायची, काट्यावर घालायची, खिचडी चाखायची आणि परत यायचं. ‘अचानक भेट’ या शब्दावर संस्थेच्या साहेबांचा फार जीव होता. प्रत्येक भाषणात तो यायचाच.

तर या वासाचं मूळ एका डब्यात होतं. एक्याण्णव साली ताई ठाण्याला ट्रेनिंगला गेल्या. दुपारी डबा उघडला, आत सुकट आणि भाकरी. शेजारच्या बाईनं उठून खिडकी उघडली. बोलली काही नाही, हसलीसुद्धा गोड. पण ती खिडकी ताईंना अशी लागली की शहापूरला परतल्या त्या थेट बाजारात मुकेशच्या दुकानात, आणि ‘वनछाया’ नावाच्या अत्तराची बाटली घेऊनच घरी गेल्या. खोक्यावर हरणाचं चित्र. वास फुलाचा नाही, फळाचा नाही, तर नुकत्या तासलेल्या लाकडाचा. खाली लिहिलं होतं, ‘सौम्य सुगंध, रोजच्या वापरासाठी’. ताईंनी त्यातलं ‘रोजच्या’ तेवढं मनावर घेतलं. सौम्य कशाशी खातात ते त्यांनी कधी विचारलं नाही. फाट्यावर एसटीतून उतरलं की डिझेलचा, कोंबड्यांचा आणि ओकारीचा वास मारायला त्या पदरापासून वेणीपर्यंत असा फवारा मारायच्या की भातावर औषध मारणारा माणूसही थबकून बघेल. सकाळचा वारा खालून वर चढतो. पुढचं काम वारा करायचा.

पहिल्या खेपेला जांभूळवाडीत मोठी धावपळ उडाली. वाडीतल्या मंगळ्यानं त्याच आठवड्यात घराच्या आढ्याला एक साग आडवा केला होता. भलत्या वेळी ओल्या लाकडाचा वास नाकात शिरला, तसं त्यानं ओळखलं की खाली कुणी तोड करतंय आणि त्याच्या मागं फॉरेस्टवाले असणार. आढं पेंढ्याखाली गेलं, गडीमाणसं रानात पांगली, बायका सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या. ताई पोचल्या तर वाडीत एक पुरुष नाही. त्यांनी साहेबांना सांगितलं, गाव फार कष्टाळू आहे.

दोन-तीन खेपांत वाडीला उलगडा झाला, की हा वास फॉरेस्टचा नाही, बालवाडीच्या ताईचा. मग सगळं सुरळीत लागलं. गुराख्यांच्या पोरांनी नाक वर केलं की निरोप वर जायचा. मीना म्हणजे बालवाडीची शिक्षिका, तिनं हातातलं काम टाकायचं, पोरं गोळा करायची, चूल पेटवायची. ताई घाम पुसत वर येईतो पोरं मांडी घालून ‘नमस्ते ताई’ म्हणायला तयार. ताईंचा ऊर भरून यायचा. जांभूळवाडी तशी, पुढं उंबरवाडी तशी, त्यापुढची चिंचवाडीही तशीच. दरवर्षी संस्थेच्या समारंभात शाल आणि नारळ ताईंनाच. बाकीच्या पर्यवेक्षिका टाळ्या वाजवायच्या आणि आतून जळायच्या.

ताईंचं लग्न राहून गेलं होतं. धाकटा भाऊ सतीश, त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, त्याचं घर, या सगळ्यात त्यांची वर्षं निघून गेली. कुणी विषय काढलाच तर त्या म्हणायच्या, मला पोर नाही असं कोण म्हणतं, डोंगरावरची सगळी पोरं माझीच. हे त्या नुसतं म्हणत नव्हत्या. आपल्या हातून या पोरांचं भलं झालं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी होती, आणि तिच्या जोरावर त्या ताठ चालायच्या.

दोन हजार दोनच्या दिवाळीआधी मुकेशनं हात वर केले. कंपनीनं वनछाया काढणं बंद केलं. म्हणाला, लोकांना आता आंबा-स्ट्रॉबेरीचे वास लागतात, लाकडाला कोण विचारतो? ताईंनी मुरबाड पालथं घातलं, कल्याण पालथं घातलं. तिथं फुटपाथवर एकानं तेच हरीण, तेच खोकं काढून दिलं, पण आतून पॉलिशचा वास आला. मोगरा लावून बघितला तर डोकं उठलं. शेवटी एक दिवस ताई तशाच निघाल्या. एसटीत बसल्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. घरून चप्पल न घालता निघाल्यासारखं वाटत होतं आणि सगळे आपल्याकडंच बघताहेत असा भास होत होता. बघत कुणीच नव्हतं.

जांभूळवाडीत पोचल्या तर बालवाडीला कुलूप. ओट्यावर दोन शेळ्या. शेजारच्या पडवीत अंबूबाई नावाची म्हातारी बसलेली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडला होता आणि ताई तिच्याशी कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळं ताईंना ती इतकी वर्षं ओळखत होती ती नाकानं. आज नाकाला काही लागलं नाही, म्हणून तिला वाटलं, असेल कुणी वाटसरू. पाणी दिलं. ताईंनी सहज विचारलं, आज शाळेला सुट्टी का?

"शाळा ताई येते तवा भरते गो," म्हातारी म्हणाली. "आता गवत कापायचं दिस. पोरं आयबापामागं माळावर. मीना तरी काय करील? रिकाम्या खोलीला शिकवील? तीबी गवतालाच गेली. वास आला म्हंजे समदी येतात."

ताई पाण्याचं भांडं ठेवून उठू लागल्या. पण म्हातारी रंगात आली होती.

"मजा असते त्या दिशी. हितं खाऊ खातात, मंग ताईला चा पाजत बसवायची. ताई रस्त्यानं उंबरवाडीला जाते, लांबनं. पोरं खिंडीतनं पळतात, ताईच्या आधी तिथं. तिथला खाऊ, मंग चिंचवाडीचा. तीन डाव जेवतात येका दिसात. तीच पोरं गो. बाई मायाळू हाय, गालाला हात लावती, पापा घेती. पन तिला कदी कळलंच नाय."

ताई उठल्या. म्हातारीनं विचारलं, तू कुनाची गो? ताईंनी पाहुणी आहे म्हणून सांगितलं आणि उतरायला लागल्या. उतरताना रडल्या, अगदी हुंदके देऊन. मीनाचा राग आला नाही, तो यायला हवा होता. राग आला स्वतःचा. अकरा वर्षं ज्या पोरांना आपली म्हटलं, त्यांचं एकही तोंड आपल्या लक्षात राहू नये? सकाळी ज्याचा पापा घेतला तेच पोर दुपारी दुसऱ्या वाडीत समोर बसतं आणि आपण त्याला पुन्हा नाव विचारतो. आपण बघत काय होतो, पोरं की आपली शाल?

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब फार रागावले, पण मीनावर नाही.

"अहो, अचानक भेट म्हणजे इतकी अचानक असते का?" ते म्हणाले. "मार्चमध्ये देणगीदार येणार आहेत. एक वास बंद झाला तर दुसरा लावा."

आणि खणातून कुणीतरी भेट दिलेली परदेशी बाटली काढून त्यांनी ताईंपुढं सरकवली. ताईंच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला की साहेबांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं. अकरा वर्षं दिलेल्या शाली त्या वासाला होत्या. ताईंनी बाटली होती तिथंच ठेवली आणि पायरी उतरल्या.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा वर गेल्या, तशाच, अंगाला नुसता घामाचा वास. अंबूबाईची पाहुणी कोण होती ते वाडीला एव्हाना कळलं होतं. मीना कुलूप काढून बसली होती, मान खाली घालून. आत पाच-सहा पोरं, माळावर जाता न आलेली, शेंबडी, एक तापानं फणफणलेलं. ताईंनी रजिस्टर मागितलं नाही, काटाही काढला नाही. खाली जमिनीवर बसल्या. मीनाच्या डोळ्यांना धार लागली तेव्हा एवढंच म्हणाल्या की उद्यापासून आपण दोघी मिळून माळावर जाऊ, पोरं तिथं असतील तर शाळाही तिथंच भरवू.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या एका पोराला जवळ ओढलं. मोठे कान, भुवईवर जखमेची खूण. हे तोंड आपण किती वेळा बघितलं असेल, त्यांना आठवेना. आज त्यांनी ते नीट बघून घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "बाळा, तुझं नाव काय रे?"

पोरानं आधी मीनाकडं बघितलं. मग ते ताईंच्या कानाशी लागून हळूच म्हणालं, "हितलं सांगू, का उंबरवाडीचं?"