पृथ्वीच्या पोटातली ऊब

शेजारच्या फ्लॅटमध्ये ओट्याचा ग्रॅनाइट कापत होते. ओल्या दगडी भुकटीचा वास आला आणि मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली.

अब्जावधी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाच्या दगडाची चकती मी काचेवर घासत होते. ती कागदाहून पातळ झाली होती. तुटली असती तर माझा प्रबंध अडला असता. तेवढ्यात बाबा मला न्यायला आले. ते खडकीच्या कारखान्यात भट्टीवर होते. संध्याकाळी मला बघायला मुलाकडचे येणार होते. शिक्षण आता पुरे, असं बाबांनी ठरवलं होतं.

"एकदा बघा तरी," म्हणत मी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गवताच्या पात्यांसारखे निळे-गुलाबी स्फटिक अखंड होते. "बाबा, असे स्फटिक फार तापलेल्या लाव्हातच होतात. म्हणजे पृथ्वीचं पोट तेव्हा आजच्यापेक्षा खूप गरम होतं."

"आमच्या भट्टीएवढं?"

"जवळपास."

ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. मग म्हणाले, "त्या लोकांना नको म्हणून कळवतो. तू हे पुरं कर."

मला रडूच फुटलं. तेव्हा वाटलं, सुटले ती एकटी मीच. आज माझी मुलगी लग्नाच्या वयाची आहे, आणि आता आठवतं, त्या संध्याकाळी घरी जाताना खडकीपर्यंत बाबाही स्कूटरवर शीळ घालत होते.