रोझी टीचरची अवघडलेली मान

रोझी टीचर हसायला लागल्या की आधी चष्मा घसरायचा, मग पदर, आणि शेवटी आख्खी स्टाफरूम. दुसऱ्यांच्या चुकांना त्या गालात हसत. स्वतःची चूक सापडली की मात्र टेबल बडवत. "घ्या, धरली बघा रोझीला!"

आणीबाणी उठली त्या वर्षी मी माझ्या गावाहून, चांदीपहून, वसईतल्या त्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. सहामाही संपल्यावर अंगणात कथाकथनाची स्पर्धा होती. परीक्षक आम्ही दोघं. टीचरची मान त्या दिवशी अशी अवघडलेली, की त्या वहीतल्या नावांच्या यादीत डोळे घालूनच बसल्या. एका मुलीनं विहिरीत पडलेल्या बोकडाची गोष्ट सुरू केली आणि सगळं अंगण खदखदू लागलं. टीचरनी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस लिहिले आणि मला कुजबुजल्या, "आमची फिलू. माझी भाची. कान पिळून शिकवलंय!"

टाळ्या पडल्या तशा त्या खुर्चीसकट वळल्या. समोर जूचंद्रची यमुना, मिठागरात राबणाऱ्या घरातली. आठवड्यापूर्वीच टीचरनी तिला भर वर्गात सुनावलं होतं, "आधी 'ण' म्हणायला शीक, मग नाव दे." पोरीनं तरीही नाव दिलं होतं. तिच्या गोष्टीत 'पानी' विहीर भरेल इतक्या वेळा आलं होतं; टीचरना एकदाही खटकलं नव्हतं. यादीतला दोघींचा क्रम उलटला होता. आधी बोलून गेलेल्या फिलूला यमुना समजून वहीत एकतीस, शेजारी शेरा : 'उच्चार सदोष'.

टीचरनी वहीतले दोन्ही आकडे पुन्हा पाहिले. मग असं हसू फुटलं की मान कट्‌कन सुटली. तशाच त्या स्टेजवर चढल्या.

"यमुना, खोट तुझ्या जिभेत नव्हती, माझ्यात होती. इतके दिवस मी डोळ्यांनी ऐकत होते! माफ कर गो."

यमुना पुटपुटली, "टीचर, मी 'ण'च म्हनत व्हते."

"मलाही 'ण'च ऐकू आला!" पहिला नंबर तिचाच.

दुसऱ्या दिवशी टीचरनी सहामाहीच्या सगळ्या पेपरांवरची नावं आणि मार्क वर्तमानपत्राच्या पट्ट्यांनी झाकले आणि पुन्हा तपासले. नऊ जणांचे मार्क बदलले. फिलूचे उतरले. टीचरची वहिनी नाताळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. "बरोबर हाय तिचं," टीचर म्हणायच्या, "आत्या असून न्याय केला, गुन्हाच तो!"

मला सगळी गंमत वाटत होती. "माझ्याकडे नाही सापडायचं असलं काही," म्हणत मीही माझ्या पेपरांना पट्ट्या लावल्या. निघालं काय, तर चांदीपच्या सातही पोरांना मी दोन-दोन मार्क जास्त दिले होते. माझे कान तापले.

टीचरनी शेजारची खुर्ची ओढली. "या सर, बसा. आतापर्यंत एकटीच हसत होते."